पाहुण्यांची वही

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पाटी आहे :
पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत नोंद करावी.
तिच्या खालीच माझं झेरॉक्सचं दुकान,
मालांग शहरात,
जिथे वारा फिरला की सेमेरूची राख काचेवर येऊन बसते
आणि प्रत्येक प्रतीवर बारीक ठिपके उमटतात.
पहिल्या अंकावरही होते.
लोकांना वाटलं, चांदण्या मुद्दाम काढल्यात.

बारा पानं, दोन पिना, चाळीस प्रती.
छत्तीस उरल्या.
त्या शेंगदाणेवाल्याने किलोवर नेल्या,
आणि आठवड्याने एक बाई चुरगळलेली पुडी सपाट करत
माझ्या काउंटरपाशी उभी :
विदियानिंग, सरकारी दवाखान्यात सुईण.
“पुढचं पान कुठंय?
ते यान उतरलं की नाही?”

असे आम्ही दोघं झालो.

मग मारुली, मेदानचा, मोटारसायकलचे सुटे भाग विकणारा;
त्याची यानाच्या इंजिनाबद्दल तक्रार होती.
मग को लियोंग,
ज्यांनी तरुणपणी एका रात्रीत
वडिलांच्या दुकानावरची चिनी अक्षरं स्वतःच खरवडली होती.
परग्रहावरच्या लिपीचा विषय निघाला
की ते चहात बघत बसत.

महिन्याचा दुसरा शनिवार.
मगरिबची नमाज झाली की शटर अर्धं खाली,
तळलेलं टेम्पे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गोड चहा,
आणि भांडण :
मंगळावरून मक्का कोणत्या दिशेला?
ती तर दर घटकेला सरकणार!
विदियानिंग म्हणे, ते तुम्ही ठरवा,
मला सांगा तिथे बाळंतीण खाटेला बांधायची कशी.

तिसऱ्या वर्षी पाक मुजियोनो आले, गल्लीचे मुखिया,
बगलेत वही.
कुणीतरी कान भरले होते :
झेरॉक्सवाल्याकडे रात्री माणसं जमतात,
अजून न घडलेल्या गोष्टी बोलतात.
एके काळी एवढं पुरायचं.
को लियोंगनी पिशवीतली नळी तोंडातून काढली
आणि तशीच हातात धरली.

नाव. कुठून आलात. मुक्काम किती.
लिहून झाल्यावर मुखियांनी अंक उचलला,
चष्मा कपाळावर सरकवून दोन पानं वाचली.
मशीन गार होताना टकटक वाजत होतं.
“हे जे तिकडून येतात,
त्यांचा दिवस किती तासांचा?”

कुणालाच सांगता येईना.

“मग चोवीस तास कुणाच्या घड्याळाने धरायचे?
उद्या आलंच कुणी, तर मी लिहू काय?”

मारुलीला हसू फुटणार होतं.
विदियानिंगने त्याच्या पायावर पाय दिला.
मुखियांनी माझीच पट्टी मागून घेतली
आणि वहीत एक नवा रकाना आखला : ग्रह.
आम्ही सात जणांनी ओळीने लिहिलं,
पृथ्वी, पृथ्वी, पृथ्वी...
को लियोंगनी सगळ्यांत सावकाश,
अक्षर न् अक्षर कोरून.

त्यानंतर ते दर शनिवारी डोकावत.
“आले का कुणी?”
“बलूम.”
आमच्याकडे सरळ नाही म्हणत नाहीत.
लग्न झालं? हजला गेलात? मूल?
सत्तरीच्या एकट्या माणसानेही म्हणायचं : बलूम, अजून नाही.
बघा, केवढी जागा ठेवलीय त्या शब्दात.
मी तर म्हणतो आमचं मंडळ
तिथेच भरतं, दुकान फक्त पत्त्यापुरतं.

आता आम्ही एकोणतीस.
सुराबायाहून दोन पोरं रात्रीच्या बसने येतात.
नवे मुखिया नोंद मोबाइलवर घेतात,
त्यात ग्रहाचा रकाना नाही.

पाक मुजियोनो गेले, त्याच्या चाळिसाव्या दिवशी
त्यांच्या बायकोने वही आणून दिली.
म्हणाली, “हिचं काय करू, तुमचीच आहे.”
शेवटच्या पानावर त्यांच्या हातची एक ओळ,
आधीच आखून ठेवलेली :

नाव – कोरं.
ग्रह – कोरं.
मुक्काम – हवा तेवढा.
शेरा – चहात साखर चालते का, आधी विचारणे.